पाहुण्यांसकट विकलेलं घर

२ नोव्हेंबर, रविवार

घर विकायचं ठरवलं. कुणाला तरी सांगायला हवं आणि सुशीलाला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून ही वही. विमा एजंटने जानेवारीत दिलेली डायरी दहा महिने कोरी पडून होती.

जव्हार तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो त्याला सात वर्षं झाली. शिरपामाळच्या रस्त्याला आमचं घर. खाली आम्ही दोघं, वर चार खोल्या. मुलगी अवंती लग्न होऊन नाशिकला गेली आणि वरचा मजला ओस पडला, तेव्हा मीच म्हटलं, पर्यटक येतात, त्यांना राहायला धड जागा नाही, आपण होमस्टे करू. सुशीला म्हणाली, "करा." तेव्हापासून पाहुणे. मी त्यांना राजवाडा दाखवतो, शिरपामाळला नेतो, महाराजांच्या मुक्कामाची हकिकत सांगतो. स्वयंपाक सुशीलाचा. जाताना लोक रजिस्टरमध्ये लिहितात, असं जेवण आणि असे काका कुठे भेटले नाहीत.

गेल्या शनिवारी मात्र आठ मुलांचा ग्रुप आला होता. संध्याकाळी अंगणात हे मोठे स्पीकर. शेजाऱ्यांची तक्रार आली म्हणून बंद करायला सांगितलं, तर त्यातल्या एकाने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "अंकल, टेन्शन घेऊ नका, तुम्ही पण नाचा." तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी केली, माझ्या खांद्यावर असा हात कोणी टाकला नव्हता. तेव्हाच मनात आलं, बास.

आणि योगायोग बघा, दोनच दिवसांनी हेमंतचा फोन. हेमंत म्हणजे आमच्या फागू गवंड्याचा मुलगा, मोखाड्याकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. म्हणाला, "काका, घर द्यायचं मनात असेल तर आम्हाला आधी सांगा." विकायचं मी कुणाजवळ बोललोही नव्हतो. त्याला कुठून कळलं कोण जाणे.

सुशीलाला कसं सांगू? तिचा सगळा जीव या घरात. पहाटे साडेचारला उठते, पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी, नाश्ता, डबे. तिच्या हातातून हे काढून घेतलं तर ती दिवसभर करणार काय? हल्ली तशीही गप्प असते. आज तिच्या हातून कप फुटला, दिवाळीपासूनचा तिसरा. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? तुकडे कामाला येणाऱ्या रुपीने गोळा केले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हेमंत बायकोला घेऊन घर बघून गेला. त्याची बायको प्रमिला इथेच सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. बरोबर फागूही आला होता. सुशीलाला मी सांगितलं की यांच्याकडे साखरपुडा आहे, पाहुण्यांसाठी खोल्या बघायला आलेत. खोटं बोलताना कानशिलं तापली, पण तिने काही विचारलं नाही.

उलट तिनेच पुढे होऊन सगळं घर दाखवलं. मी माझ्या पद्धतीने दाखवणार होतो, म्हणजे आधी गच्ची, मग दरीचा देखावा. तिने त्यांना थेट पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. "इथे पावसाळ्यात ओल येते. दरवर्षी जूनच्या आधी बघून घ्यावं लागतं." मग स्वयंपाकघर, कपाटं, दुपारचं ऊन कुठवर येतं, कोणता नळ घट्ट आहे. साखरपुड्याच्या पाहुण्यांना हे कशाला सांगायचं? घराचं कौतुक ते हेच म्हणायचं. लेकराच्या खोड्याही आई अशाच सांगते.

फागू अंगणात उभा राहून पायाने फरशी चाचपत होता. म्हणाला, "साहेब, पाण्याचा पाइप इथं हाय. वाकडा गेलाय. तव्हा खाली काळा दगड लागला व्हता, फुटंना. मग मीच वळवून घेतला." तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाया त्याने खणला, भिंती त्याने उभ्या केल्या. मला पाइप वाकडा आहे हे आजच कळलं.

चहा घेताना प्रमिला सुशीलाच्या हातांकडे बघत होती. हळूच म्हणाली, "काकू, सकाळी बोटं वळतात का हो आता?" सुशीला हसली, "थंडी पडली की व्हायचंच." आणि पदर सारखा करत आत गेली. सिस्टर लोकांना जो दिसेल तो पेशंटच वाटतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आकडा ठरला, मला मान्य आहे. अडचण तारखेची आहे. हेमंतला पंचवीस डिसेंबरला ताबा हवा. शाळेला नाताळची सुट्टी तेव्हाच, आणि त्याच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाकडे जानेवारीत लग्न आहे, त्याला खोली रिकामी हवी. मी होकार दिला आणि घरी येऊन रजिस्टर उघडलं.

पंचवीसच्या आधीची बुकिंगं निभावतील. नंतरची तीन आहेत. सव्वीस-सत्तावीसला वसईचं गोन्साल्विस कुटुंब. अठ्ठावीस-एकोणतीसला सौरभ म्हणून डोंबिवलीचा मुलगा, सगळं घर, बारा माणसं, त्याच्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. तीस तारखेपासून विरारच्या चार शिक्षिका, त्या दरवर्षी येतात.

सात वर्षांत मी आलेल्या पाहुण्याला परत पाठवलेलं नाही. एकदा खोल्या भरलेल्या असताना पावसात अडकलेलं एक जोडपं आलं, तर आमची खोली त्यांना दिली. मी बाहेर सोफ्यावर झोपलो. सुशीला स्वयंपाकघरात. अशा माणसाने आता फोन करून सांगायचं, येऊ नका.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहिला फोन वसईला. वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. "काही अपरिहार्य कारणास्तव" एवढं बोललो आणि गोन्साल्विस म्हणाले, "अहो काका, ते कळलं आम्हाला. तुमच्या मिसेसचा फोन आलेला दिवाळीत. आम्ही डहाणूला जागा बघितली." मग एकदम थांबले. "तुम्हाला माहीत नव्हतं काय?"

मी म्हटलं, होतं, होतं, खात्री करत होतो.

विरारच्या मुख्य बाईंना लावला. त्यांचंही तेच, आणि तेही गणपतीपासून! "काकू म्हणाल्या, या वर्षी नका येऊ. काकांना सध्या काही बोलू नका. त्यांचं तेच सांगतील." म्हणजे मी ग्रुपच्या पोरावर चिडलो, त्याच्याही दोन महिने आधी.

मी अंगणात खुर्चीवर बराच वेळ बसलो. काय अर्थ लावायचा? एकच सुचतो. तिला या दोन ठिकाणचे लोक आवडत नसावेत. गोन्साल्विस मंडळी मासे मागतात, आणि त्या शिक्षिका दिवसातून सहा वेळा चहा मागतात. पण मला न विचारता माझे पाहुणे परस्पर तोडायचे? विचारायला गेलो असतो, पण मग मीही काय लपवतोय ते सांगावं लागलं असतं. दोघं समोरासमोर जेवलो. ती म्हणाली, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" मी म्हटलं, बरोबर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सौरभला सुशीलाने फोन केलेला नाही. म्हणजे हे काम माझ्यावरच.

तो ऐकून घेत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "काका, आईला कसं सांगू? तिचा जन्म जव्हारचा. तिचे वडील तिथे कंपाउंडर होते. ती दहा वर्षांची असताना गाव सोडलं, ते पुन्हा जाणंच झालं नाही. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे. मधल्या दोन दिवसांत बसवून ही सहल ठरवली. दुसरीकडे जिने आहेत, तुमच्याकडे खाली एक खोली मिळणार होती." आमचीच खोली तिला द्यायची ठरली होती, ते माझ्या ध्यानात नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण, जव्हारचे का? दे इकडे." आणि बाई फोनवर आल्या. "काय हो, थंडी पडली का तिकडे? शिरपामाळला अजून गवत पिवळं होतं का? आम्ही पोरी तिथं बसून चिंचा खायचो."

मी म्हटलं, "होतं ना. पडलीय थंडी. स्वेटर घेऊन या."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी काय बोललो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हेमंतला विचारून बघितलं, पाच दिवस पुढे ढकलता येईल का. तो अजिजीने म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर कशाला नाही म्हटलं असतं? मालकाचा मंडपवाला येणार आहे. दोन पोरं, सामान, कुठे जाऊ?" त्याचं बरोबर आहे. एकच घर मी दोघांना कबूल केलं आहे. कारकुनाने एकाच जमिनीचे दोन वेगळ्या नावांचे उतारे द्यावेत तसं झालं. रक्तदाबाची गोळी आज दोनदा घेतली की काय अशी शंका आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी नऊला, नाशिकचे दोन पाहुणे वर नाश्त्याची वाट बघत होते. मी त्यांना राजवाड्याची माहिती देत होतो. खाली भांडं पडल्याचा आवाज आला. मी वरूनच ओरडलो, "अगं, हळू!" मग रुपीचा आवाज, "साहेब, खाली या. आत्ताच्या आत्ता या."

चहाचं पातेलं सुशीलाच्या हातातून सुटलं होतं. उजव्या पावलावर चहा सांडला होता. रुपी तिचं पाऊल पाण्याच्या बादलीत धरून बसली होती. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "लक्ष कुठे असतं तुझं?"

रुपी आमच्याकडे सहा वर्षं काम करते. कधी वर मान करून बोललेली नाही. आज उठून उभी राहिली. "लक्ष तुमचं कुठं असतं साहेब? तुमी वरती पाहुण्यांशी बोलत असता. खाली काय चाललंय तुमाला काय ठावं? वहिनींची बोटं वळत नायत. दोन वरसं भाकरी मीच थापतेय. सकाळी नळ उघडता येत नाय त्यांना, मी येईपर्यंत दारात वाट बघत बसतात. डोळ्यांनी बघते मी."

"रुपी, पुरे," सुशीला म्हणाली.

"नाय पुरे," रुपी म्हणाली.

मी सुशीलाचे हात हातात घेतले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते मी असे शेवटचे कधी बघितले होते, आठवत नाही. पेरं सुजून गोल झालेली. उजव्या हाताची दोन बोटं एका बाजूला कललेली. मूठ कर म्हटलं तर अर्धीच झाली. हे एका दिवसात होत नाही, एवढं मलाही कळतं.

वरच्या पाहुण्यांना नाश्ता रुपीने दिला. मी बादलीतलं पाणी बदलत राहिलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पाय फार भाजला नाही, प्रमिला येऊन मलम लावून गेली.

ती गेल्यावर मी सुशीलाच्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसलो आणि सांगून टाकलं, "मी घर विकतोय. हेमंतला. साखरपुडा वगैरे काही नव्हता."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"मीच त्यांना सांगितलं."

मग एकेक बाहेर आलं. ऑगस्टपासून ती दवाखान्यात जाते. बाजाराच्या पिशवीसोबत फाईल घेऊन जायची. तिथे प्रमिलाशी ओळख झाली. ते घर शोधतायत हे कळल्यावर तिनेच म्हटलं, आमच्या यांना विचारून बघा, पण मी सांगितलं म्हणू नका. वसईला आणि विरारला फोन तिनेच केले. स्वतःला ठणकावून सांगितलं होतं म्हणे, हा मोसम शेवटचा, तोही नाताळपर्यंतच.

"मग मला का नाही बोललीस?"

ती छताकडे बघत होती. "निवृत्त झालात तेव्हा सहा महिने तुम्ही दाढी करत नव्हता. आठवतं? पेपर वाचून झाला की पुन्हा तोच पेपर. मग पाहुणे यायला लागले आणि तुम्ही इस्त्रीचे शर्ट घालायला लागलात. कोणी गाडीतून उतरलं की तुमचा चेहरा कसा होतो, तुम्हाला दिसत नाही, मला दिसतो. मी कशी म्हणू, बंद करा?"

"आणि मी समजत होतो, तुझा जीव आहे यात."

"माझा?" ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, मला सात वर्षांत एकदा सकाळी आठपर्यंत झोपायचं होतं."

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटत होतंच. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. जड पोतं पाठीवरून उतरल्यावर मान आपोआप सरळ होते, तसं.

सौरभच्या आईचं विचारलं. तिला फोन का नाही केलास? म्हणाली, "दोनदा लावला. दोन्ही वेळी त्या बाईनेच उचलला. तिच्याशी बोलल्यावर सांगवेना." माझी गत सांगितली. स्वेटरचं ऐकून ती पुन्हा हसली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या एसटीने मोखाड्यावरून नाशिकला. अवंती स्टँडवर आली होती. डॉक्टरीण बाईंनी तपासण्या केल्या. आमवात. त्यांनी विचारलं, "सकाळी सांधे आखडणं कधीपासून आहे?" मी म्हटलं, "असतील चार-सहा महिने." त्याच वेळी सुशीला म्हणाली, "चार वर्षं." डॉक्टरीण बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी तिलाच विचारले.

म्हणाल्या, "उशीर झालाय, पण हात वाचतील. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि थंड पाण्यात काम बंद." कानावर पडलेलं हे सर्वात चांगलं वाक्य असेल या वर्षातलं. हात वाचतील. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तोरंगण घाटात एवढे हिसके बसले तरी जागी झाली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रमिला पाऊल बघायला आली होती. सुशीलाने तिला सौरभच्या आईचं सगळं सांगितलं. डायलिसिस, कंपाउंडर वडील, चिंचा. प्रमिला म्हणाली, "मग येऊ देत की."

मी म्हटलं, "पण ताबा पंचवीसला तुमचा."

"हो. म्हणजे आमच्याकडे येतील. आम्ही गच्चीवरच्या खोलीत राहू दोन दिवस, सामान तर बांधलेलंच असणार. आणि डायलिसिसचं माणूस घरात असताना सिस्टर घरात असलेली बरी." हेमंतला फोन लावला. तो म्हणाला, "आई-बाबांना पण बोलावून घेतो. आईच्या हातची नागलीची भाकरी त्यांना."

मी म्हटलं, हे साठेखतात घालू. हेमंत म्हणाला, "लिहायला कशाला पाहिजे काका?" पण मी घातलंच. "दिनांक २८ व २९ डिसेंबर रोजी पूर्वनियोजित पाहुण्यांच्या निवासाची व्यवस्था खरेदीदार स्वखुशीने करतील." वकिलाने दोनदा वाचलं आणि म्हणाला, असलं कलम पहिल्यांदाच बघतोय.

८ डिसेंबर, सोमवार

बुकिंगच्या साइटवरून घराची नोंद काढून टाकली. आधी ठरलेले पाहुणे तेवढे रुपी आणि मी मिळून निभावतोय. अवंतीने फोनवरून एकेक बटण सांगितलं. शेवटी विचारलं जातं, नक्की काढायचं का? मी सुशीलाकडे बघितलं. ती मटार सोलत नव्हती, काहीच करत नव्हती, नुसती उन्हात बसली होती. मी "होय" दाबलं.

त्यानंतर फोन दिवसभर टिंग झाला नाही. दुपारी मी दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून.

१४ डिसेंबर, रविवार

एस.टी. डेपोच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तळमजला. गरम पाण्याचा गीझर आधी बसवला, मग बाकीचं. नळांच्या गोल चाव्या काढून लांब दांडीच्या लावल्या, त्या कोपराने उघडतात. प्रमिलाने सुचवलं. मला सुचलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

रुपीला मी विचारलं, आता तुझं काय? ती म्हणाली, "प्रमिलाताईंकडं सकाळची हाय मी. तुमच्याकडं दुपारी येईन. पण एक हाय साहेब, भांडी तुमी घासायची." हो म्हटलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

ताबा दिला. वाटलं होतं, किल्ल्या देताना जड जाईल. हेमंतची धाकटी मुलगी जिन्यावरून खाली-वर धावत होती, तिच्या आवाजात सगळं उरकलं. फागू बाहेरच उभा होता. हेमंत म्हणाला, "बाबा, आत या ना." त्याने चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत आला. मी इतकी वर्षं त्याला अंगणातच चहा दिला, हे तेव्हा ध्यानात आलं. म्हटलं, "फागूदादा, बसा." तो बसला. पहिल्यांदा दादा म्हटलं त्याला. त्याने काही दाखवलं नाही, मीही नाही.

सुशीलाने मागे वळून पाहिलं का? नाही. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "वडापाव घेऊ या? आज स्वयंपाक नको."

२९ डिसेंबर, सोमवार

सौरभची मंडळी काल आली. आज सकाळी त्याच्या आईला घेऊन शिरपामाळला गेलो. इंदूताई त्यांचं नाव. गाडी जाईल तिथवर गाडी, पुढे सौरभने आणि मी खुर्चीसकट उचललं. मी तोंड उघडलं, महाराजांच्या मुक्कामाची हकिकत सांगायला, तर त्या म्हणाल्या, "ते माहीत आहे मला. तुम्ही बसा जरा." बसलो. त्यांनी गवत हातात धरून ओढून पाहिलं. खाली दरीत कोवळं ऊन होतं. इतक्या पाहुण्यांना इथे आणलं, पण मी स्वतः असा गप्प बसलो नव्हतो कधी.

दुपारी जेवायला आम्हा दोघांना बोलावणं होतं. सुशीला दारात घुटमळली. सवयीने पाय स्वयंपाकघराकडे वळले. आतून हेमंतची आई सुकरी आली, तिचा दंड धरून तिला इंदूताईंच्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि म्हणाली, "तू पाहुणी हायस. हलायचं नाय."

ताटं मी वाढली. उडदाची आमटी, वांग्याचं भरीत, खुरासणीची चटणी. पंगतीत कुणाला काय हवं ते बघताना लक्षात आलं, वाढणाऱ्याला कुणी विचारत नाही. मग सुकरीने तव्यावरची भाकरी तशीच आणून सुशीलाच्या ताटात टाकली. अजून फुगलेली होती. सुशीलाने ती बोटाने फोडली, आतून वाफ आली. तिने तोंडात घास घातला आणि डोळे मिटले.

सात वर्षं ती सगळ्यांचं झाल्यावर बसायची. तिच्या ताटात गरम भाकरी पडलेली मला आठवेना. मी चटणीची वाटी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"अहो," ती म्हणाली, "उभे काय राहिलात? अर्धी अजून आणा."

मी धावत आत गेलो.

इंदूताईंनी केक कापला, एकच लहान तुकडा खाल्ला, प्रमिलाने तेवढीच परवानगी दिली होती. निघताना त्यांनी रजिस्टर मागितलं, अभिप्राय लिहायला. हेमंतची मुलगी शाळेची वही घेऊन आली. त्यांनी तिच्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही. वही आता हेमंतच्या घरची आहे.

३१ डिसेंबर, बुधवार

सुशीला आज सव्वाआठला जागी झाली. मी सहालाच उठून बसलो होतो, पण आवाज होऊ नये म्हणून नळसुद्धा सोडला नाही. गोळ्यांनी सूज उतरायला लागली आहे. सकाळी तिने मूठ करून दाखवली. पूर्ण नाही, पण पाऊण.

दूध तापत ठेवलं होतं आणि फोन वाजला. पालघरहून कुणी गृहस्थ. कुणाकडून तरी नंबर मिळाला होता. "खोल्या आहेत का हो दोन दिवसांसाठी?"

"नाहीत," मी म्हटलं. "घर विकलं." आणि हे सांगताना छातीत काहीही दुखलं नाही. उलट पुढे विचारलं, "शिरपामाळ बघायला येताय का? मग सकाळी लवकर या. मी येईन बरोबर. राजवाड्याचंही सांगेन. नाही, नाही, पैसे कसले, मला आवडतं. असं करा, आधी..."

"अहो, दूध!" सुशीला पांघरुणातून ओरडली.

वळून बघेपर्यंत उतू गेलं. ती उठली नाही. मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला.